लगद्यात कोंडलेली हवा

आपल्या वहीचे एक कोरे पान खिडकीसमोर धरा आणि उजेडातून त्याच्याकडे नीट पाहा. एरवी एकसारखे पांढरे दिसणारे ते पान आता ढगाळ आकाशासारखे दिसू लागेल. कोठे ते दाट आहे, कोठे विरळ. कागद पातळ आणि हलक्या प्रतीचा असेल तर एखादे वेळी टाचणीच्या टोकाएवढे, आरपार उजेड दाखविणारे बारीक भोकही सापडेल. असे भोक पडण्याची कारणे अनेक असतात. कधी वाळूचा कण निसटून गेलेला असतो, कधी डिंकासारखा चिकट पदार्थ जाळीला धरून बसलेला असतो. पण पुष्कळ वेळा त्या जागी, कागद तयार होण्याच्या क्षणी, हवेचा एक बारीक बुडबुडा बसलेला असतो.

एवढासा बुडबुडा, त्याची एवढी काय मातब्बरी, असे तुम्हांला वाटेल. पण या बुडबुड्यांना हुसकावण्यासाठी कागदाच्या मोठ्या कारखान्यांत दोन-तीन मजले उंचीवर प्रचंड टाक्या बसवितात, त्यांतील हवा काढणारे पंप रात्रंदिवस चालवितात आणि त्यासाठी पुष्कळ वीज खर्च करतात. हे का करावे लागते आणि कसे करतात, ते या पाठात पाहू. त्यासाठी लागणारे पदार्थविज्ञान तुमच्या शालेय पुस्तकातच आहे.

लगद्यात तंतू किती, पाणी किती?

कागद लाकडापासून, बांबूपासून किंवा उसाच्या चिपाडांपासून तयार करतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. या वस्तूंतील सेल्युलोजचे तंतू सुटे केले की लगदा तयार होतो. देवदार-पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांचे तंतू सुमारे ३ मिलिमीटर लांब असतात, तर रुंद पानांच्या झाडांचे सुमारे १ मिलिमीटर. प्रत्येक तंतू म्हणजे आतून पोकळ अशी सूक्ष्म नळीच असते.

हा लगदा यंत्राच्या जाळीवर सोडण्यापूर्वी त्यात इतके पाणी मिसळतात, की १०० भागांत तंतू जेमतेम अर्धा ते एक भाग उरतो. बाकीचे सारे पाणीच. लगदा इतका पातळ केला नाही, तर तंतू एकमेकांत गुंतून त्यांच्या गुठळ्या होतात. आता थोडा हिशेब करू. १ टक्का तंतू असलेला १ लिटर लगदा घ्या. त्यात तंतू आहेत १० ग्रॅम. सेल्युलोजची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट असते. म्हणजे या तंतूंचे आकारमान झाले सुमारे ७ मिलिलिटर. या लगद्यात आकारमानाने फक्त १ टक्का हवा मिसळली, तर ती होईल १० मिलिलिटर. म्हणजे ज्या वस्तूचा कागद करावयाचा, तिच्याहून जास्त जागा हवेनेच अडविली! म्हणूनच लगद्यातील एक टक्का हवा ही क्षुल्लक गोष्ट मानून चालत नाही.

हवा येते कोठून?

नळाखाली बादली ठेवून पाणी सोडा. वरून पडणारी धार आपल्याबरोबर हवा ओढून नेते आणि बादलीत बुडबुड्यांचा कल्लोळ होतो. कारखान्यातही असेच घडते. लगदा एका हौदातून दुसऱ्या हौदात पडतो, मोठ्या पात्यांनी ढवळला जातो, पंपाच्या सैल झालेल्या सांध्यांतून हवा आत ओढली जाते.

याहून मोठे कारण म्हणजे पुन्हा पुन्हा वापरले जाणारे पाणी. जाळीतून खाली गळणाऱ्या पाण्यात बारीक तंतू असल्याने ते दुधट दिसते. ते फेकून न देता नव्या लगद्यात मिसळतात. हे योग्यच आहे, नाही तर पाणी आणि तंतू दोन्ही वाया जातील. पण जाळीखाली कोसळताना हे पाणी हवेशी खूप घुसळले जाते, आणि तीच हवा फिरून लगद्यात येते.

कधी वायू लगद्यातच तयार होतो. कागद गुळगुळीत आणि अपारदर्शक व्हावा म्हणून त्यात चुनखडीची पूड घालतात. अशा लगद्यात तुरटीसारखा आम्लधर्मी पदार्थ पडला, तर कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. तुरटीच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून पाहा. तसाच वायू तुमच्यासमोर फसफसून बाहेर येईल.

हवेची तीन रूपे

लगद्यातील हवा तीन रूपांत असते. पहिले रूप मोकळ्या बुडबुड्यांचे. हे मोठे असतात आणि संधी मिळताच वर येऊन फुटतात किंवा फेस होऊन तरंगतात. दुसरे रूप तंतूंना चिकटलेल्या अतिसूक्ष्म बुडबुड्यांचे. हे तंतूंच्या खडबडीत पृष्ठभागावर, त्यांच्या जाळ्यात आणि पोकळीत अडकून बसतात. हेच सर्वांत चिवट. तिसरे रूप डोळ्यांना दिसतच नाही. ते म्हणजे पाण्यात विरघळलेली हवा. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या १ लिटर पाण्यात सुमारे १९ मिलिलिटर हवा विरघळू शकते. याच हवेतील ऑक्सिजनवर मासे जगतात.

विरघळलेली हवा तशीच राहिली तर काही बिघडत नाही. पण ती तशी राहत नाही. विल्यम हेन्री या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाने १८०३ मध्ये असे दाखविले, की द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्यावरील वायूच्या दाबाच्या सम प्रमाणात असते. सोडावॉटरची बाटली उघडताच दाब कमी होतो आणि आत विरघळलेला वायू फसफसून बाहेर येतो, तो याच नियमाने. लगदा नळातून दाबाखाली वाहत असतो, तेव्हा त्यात जास्त हवा विरघळते. तो जाळीवर येताच दाब उतरतो आणि नेमक्या नको त्या क्षणी बुडबुडे प्रकट होतात! तापमान वाढले तरी तेच होते. चहाचे आधण ठेवल्यावर, पाणी उकळण्याच्या पुष्कळ आधी, भांड्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसतात. ती वाफ नसून विरघळलेली हवा असते.

बुडबुड्यांचे उपद्रव

हाताने कागद करणारा कारागीर चौकटीवरील जाळी हौदात बुडवून उचलतो, ती हलवितो आणि पाणी गळू देतो. आपल्याकडे जुन्नरचा कागद अशाच रीतीने होत असे. या कामात कारागिराची नजर प्रत्येक तावावर असते. ताव बिघडला तर तो परत हौदात सोडता येतो. निकोलस लुई रोबेर या फ्रेंच माणसाने १७९९ मध्ये अखंड फिरणाऱ्या जाळीवर कागद करण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि चित्र बदलले. पुढे इंग्लंडमध्ये फोर्ड्रिनियर बंधूंच्या पैशाने आणि ब्रायन डॉन्किनच्या कौशल्याने हे यंत्र कामाचे बनले.

आजचे एखादे यंत्र मिनिटाला १,२०० मीटर वेगाने चालते असे समजा. काही यंत्रे याहूनही वेगवान आहेत. म्हणजे सेकंदाला २० मीटर. जाळीची लांबी २० मीटर धरली, तर लगद्याचा कागद बनण्यासाठी मिळतो अवघा १ सेकंद! तेवढ्यात पाण्याचा फार मोठा भाग गळून गेला पाहिजे. अशा वेळी तंतूंच्या फटींत बुडबुडे अडकले असतील, तर पाण्याची वाटच बंद होते. कागद ओला राहतो, तो पुढे वाळविण्यास जास्त वाफ लागते, नाही तर यंत्राचा वेग कमी करावा लागतो. ओला ताव अशक्त असतो. भोकाच्या जागी तो फाटला की यंत्र थांबते.

दुसरा उपद्रव पंपांचा. पाणी दाबले तरी जवळजवळ आक्रसत नाही. हवा मात्र स्प्रिंगसारखी आक्रसते आणि फुगते. पंपात हवा साचली की त्याची ढकलण्याची शक्ती घटते आणि लगदा एकसारखा न येता हेलकावे खात येतो. मग कागद एके ठिकाणी जाड, एके ठिकाणी पातळ होतो.

तिसरा उपद्रव फेसाचा. बुडबुडे बारीक तंतू, राळ आणि मळ घेऊन वर जातात. त्या फेसाचा एखादा लपका तुटून लगद्यात पडला की कागदावर डाग उमटतो.

आणि भोकांचे काय? लिहिण्याच्या कागदात एखादे सूक्ष्म भोक असले तर फार तर शाई पलीकडे उतरेल. पण सर्व कागद लिहिण्यासाठी नसतो. विद्युत् धारित्रात, म्हणजे कंडेन्सरमध्ये, धातूच्या दोन पत्र्यांमध्ये विरोधक म्हणून अतिशय पातळ कागद घालीत असत. तेथे भोक पडले तर वीज आरपार जाऊन उपकरण जळेल. म्हणून कागदाचे एकाहून अधिक थर ठेवीत. एका थरातील भोक दुसऱ्या थरातील भोकावर नेमके येण्याचा संभव फार कमी असतो.

बुडबुडा आपणहून वर का येत नाही?

हवा पाण्याहून हलकी आहे. मग लगदा काही वेळ स्वस्थ ठेवला तर बुडबुडे निघून जाणार नाहीत का? मोठे जातील, बारीक जाणार नाहीत. जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये दिलेल्या नियमानुसार लहान बुडबुड्याचा वर येण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. साध्या पाण्यात ०.१ मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ५ मिलिमीटर चढतो. १ मीटर चढण्यास त्याला सुमारे ३ मिनिटे लागतात. ०.०१ मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा घ्या. व्यास दहावा हिस्सा, म्हणून वेग शंभरावा हिस्सा. तोच १ मीटर चढण्यास त्याला ५ तासांहून अधिक वेळ लागेल! शिवाय वाटेत तंतूंचे जाळे आहेच. इतका वेळ कोणता कारखाना थांबेल?

म्हणून उपाय दोनच उरतात. एक तर बारीक बुडबुडे एकमेकांत मिळवून मोठे करावयाचे, किंवा भोवतीचा दाब कमी करून ते फुगवावयाचे. कारखान्यांत हे दोन्ही उपाय करतात.

पहिला उपाय : तेलाचे थेंब

तुम्ही कधी गुऱ्हाळावर गेला आहात काय? काहिलीत उसाचा रस उकळताना फेस वर येऊ लागला, की गुळव्या त्यात थोडे तेल टाकतो आणि फेस चटकन खाली बसतो. घरी वरणाची डाळ उतू जाऊ नये म्हणून आईही तेलाचे दोन थेंब टाकते. यामागील विज्ञान असे. शुद्ध पाण्यातील बुडबुडे पृष्ठभागाशी येताच फुटतात. रिठ्याच्या पाण्यात मात्र फेस टिकतो, कारण रिठ्यातील द्रव्य बुडबुड्यांच्या पातळ पडद्यावर पसरून त्याला बळकटी देते. लाकडात राळ आणि मेदाम्ले असतात. कॉस्टिक सोडा घालून लाकूड शिजविताना त्यांचा साबण बनतो. लगदा धुतल्यावरही हा साबण थोडाफार मागे राहतो आणि बुडबुड्यांचे रक्षण करतो. तेलाचा थेंब या पडद्यात शिरला की साबणाला बाजूला सारून पसरतो. पडदा त्या जागी पातळ होऊन तुटतो आणि दोन बुडबुड्यांचा एक मोठा बुडबुडा होतो. मोठा झाला की तो झपाट्याने वर येतो. स्टोक्सचा नियम आता आपल्या बाजूने काम करतो.

कागद कारखान्यांत पूर्वी या कामी रॉकेल वापरीत. पुढे खनिज तेले, सिलिकोन आणि मेदयुक्त अल्कोहोलांची पायसे आली. या पदार्थांना फेसनाशके म्हणतात. यंत्रसामग्री फारशी लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण. पण ते प्रमाणाबाहेर घातले तर कागदावर तेलकट डाग पडतात.

एक गंभीर गोष्ट १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ध्यानात आली. लगदा धुताना वापरल्या जाणाऱ्या काही खनिज तेलांच्या फेसनाशकांत अशी द्रव्ये होती, की पुढे क्लोरीन वायूने लगदा पांढरा करताना त्यांपासून डायॉक्सिन गटातील अत्यंत विषारी संयुगे तयार होत. ती सांडपाण्याबरोबर नद्यांत आणि माशांत पोचत. त्यानंतर तेलांची निवड काळजीपूर्वक होऊ लागली आणि पुष्कळ देशांत क्लोरीन वायूने विरंजन करण्याची पद्धतही मागे पडली. थेंबभर तेल टाकण्याचे साधे काम. पण त्याचाही परिणाम कोठवर जातो, हे पाहावेच लागते.

दुसरा उपाय : निर्वात टाकी

मोठ्या आणि वेगवान यंत्रांसाठी दुसरा उपाय वापरतात. आडवी ठेवलेली, लांब नळकांड्यासारखी, न गंजणाऱ्या पोलादाची एक बंद टाकी असते. निर्वात पंपाने तिच्यातील हवा सतत ओढून घेतात आणि अनेक नळ्यांतून लगद्याचे फवारे आत सोडतात. फवारे टाकीच्या छतावर आणि भिंतींवर आदळून त्यांचे थेंब होतात.

फवारे कशासाठी? १ लिटर पाण्याचा एकच गोळा केला तर त्याचा पृष्ठभाग सुमारे ४८४ चौरस सेंटिमीटर होईल. त्याच पाण्याचे १ मिलिमीटर व्यासाचे थेंब केले, तर सर्वांचा मिळून पृष्ठभाग ६ चौरस मीटर भरेल, म्हणजे सव्वाशेपटीच्या आसपास. हवेला बाहेर पडण्यास तेवढी अधिक दारे मिळाली, आणि प्रत्येक दारही जवळ आले.

आता टाकीतील दाब किती ठेवावा? लगद्याचे तापमान ५० अंश सेल्सिअस असेल, तर त्या तापमानाला पाण्याचा बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे ९२ मिलिमीटर इतका असतो. वातावरणाचा दाब ७६० मिलिमीटर. टाकीतील दाब ९२ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे वातावरणाच्या सुमारे आठव्या हिश्श्याइतका आणला, की लगद्यातील पाणी ५० अंशांवरच उकळू लागते!

याचे तीन फायदे होतात. बॉइलच्या नियमाप्रमाणे दाब आठव्या हिश्श्यावर आला की बुडबुड्याचे आकारमान आठपट होते, म्हणजे व्यास दुप्पट आणि चढण्याचा वेग चौपट. प्रत्यक्षात पाण्याची वाफही बुडबुड्यात शिरते, त्यामुळे तो याहून कितीतरी जास्त फुगतो आणि तंतूपासून सुटतो. दुसरा फायदा असा, की टाकीत जवळजवळ सगळी वाफच असल्याने हवेचा स्वतःचा दाब अगदी थोडा उरतो. म्हणून हेन्रीच्या नियमाने विरघळलेली हवाही बाहेर येते. तिसरा फायदा पुढे दिसतो. हवा गमावलेले पाणी हवेला तहानलेले असते. नंतर एखादा चुकार बुडबुडा लगद्यात शिरलाच, तर तो त्या पाण्यात विरघळून नाहीसा होतो.

टाकीतून ओढलेली वाफ थंड पाण्याच्या योगाने संघनकात पुन्हा पाणी बनते, म्हणून निर्वात पंपाला मुख्यतः हवाच बाहेर काढावी लागते.

पण ही टाकी इतक्या उंचीवर का? येथे टोरिचेलीची आठवण करा. १६४३ च्या सुमारास त्याने पाऱ्याचा वायुभारमापक तयार केला. वातावरणाचा दाब ७६० मिलिमीटर पारा किंवा सुमारे १०.३ मीटर पाणी तोलून धरतो. आपल्या टाकीत वातावरणाच्या सात-अष्टमांश दाब कमी आहे. म्हणून खालच्या हौदातील पाणी नळातून सुमारे ९ मीटर उंच चढू शकते. टाकी याहून खाली ठेवली, तर ते पाणी उलट टाकीत शिरेल! पुरेशा उंचीवर ठेवली, की टाकीतून खाली आलेल्या नळात पाण्याचा स्तंभ उभा राहतो आणि जादा लगदा आपल्या वजनाने खाली उतरतो. तो टाकीतील बांधावरून वाहत राहत असल्याने आतील पातळी कायम एकच राहते, आणि पुढील पंपाला लगदा एकसारख्या दाबाने मिळतो.

करून पाहा

१० मिलिलिटरची प्लॅस्टिकची नवी पिचकारी घ्या; सुई मुळीच लावू नका. हाताला सोसवेल इतके कोमट पाणी ३ मिलिलिटर ओढून घ्या. तोंड वर करून आतील हवा पूर्ण काढून टाका. आता तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोराने मागे ओढून धरा. पाण्यात बुडबुडे उठताना दिसतील. दट्ट्या सोडा. तो मागे जाईल, पण एक लहानसा बुडबुडा पाण्यात शिल्लक राहील. ही आधी विरघळलेली हवा होय. ती काढून टाका आणि प्रयोग पुन्हा तीन-चार वेळा करा. दर वेळी उरणारा बुडबुडा लहान होत जाईल. कारखान्यातील टाकी हेच काम अखंड करीत असते.

हवा गेली, हे कळते कसे?

त्याचेही उत्तर बॉइलच्या नियमात आहे. लगद्याचा ठरावीक नमुना बंद भांड्यात घेऊन त्यावरील दाब दुप्पट करतात. पाणी आणि तंतू आक्रसत नाहीत. आक्रसतात ते बुडबुडे. १ लिटर नमुन्याचे आकारमान ५ मिलिलिटरने घटले, तर मूळची हवा १० मिलिलिटर होती, म्हणजे १ टक्का. विरघळलेली हवा मात्र या रीतीने मोजता येत नाही.

कोणता उपाय चांगला?

निर्वात टाकी हवा सर्वांत चांगली काढते, पण ती महाग असते, तिला उंच इमारत लागते आणि वीजही लागते. फेसनाशक स्वस्तात सुरू करता येते, पण ते रोज विकत घ्यावे लागते आणि त्याचा काही भाग कागदात व सांडपाण्यात जातो. मंद चालणाऱ्या लहान यंत्राला जे पुरते, ते वेगवान यंत्राला पुरत नाही. म्हणून अभियंता आधी साध्या गोष्टी पाहतो. नळाचे तोंड हौदातील पाण्याखाली बुडवून लगदा सोडला, पंपाचे सांधे घट्ट केले, ढवळणे बेताचे ठेवले, तर पुष्कळ हवा मुळात आत शिरतच नाही. जी शिरलीच नाही, ती काढण्याचा खर्चही नाही.

विचार करा

१. लगद्याचे तापमान ५० ऐवजी ४० अंश असेल, तर टाकीतील दाब वाढवावा लागेल की कमी करावा लागेल?

२. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. तेथे असा कारखाना असता, तर टाकीखालील नळात पाणी मुंबईपेक्षा जास्त चढले असते की कमी?

३. बुडबुड्याचा व्यास तिप्पट झाला, तर त्याचा वर येण्याचा वेग कितीपट होईल?

(उत्तरे : १. कमी करावा लागेल, कारण थंड पाण्याचा बाष्पदाब कमी असतो. २. कमी, कारण तेथे वातावरणाचाच दाब कमी असतो. ३. नऊपट.)